इराणचा हिंग आणि आमच्या जाऊबाई

जगाचा व्यापार अमेरिका चालवते किंवा चीन चालवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या थोरल्या जाऊबाईंना पाहिलेलं नाही. तो व्यापार पेणमधून चालतो, आमच्या घराच्या मागच्या पडवीतून, पोह्याच्या पापडाचं पोळपाट समोर ठेवून. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे रोह्याजवळ वरशाला राहते आणि उन्हाळा लागला की पापडांच्या कामाला गाडीने पेणला जाते. दारात पाऊल टाकताच "आलीस गो? पाणी पी आधी" म्हणणाऱ्या जावा इतरांच्या नशिबात असतात. मला आतून ऐकू येतं, "आलीस गो? जहाजं पुन्हा अडकली, कळलं का?"

टीव्हीवर जे सांगतात ते जाऊबाई ऐकतात, पण त्याचा अर्थ स्वतः लावतात, आणि तो लाटणाऱ्या बायकांना समजेपर्यंत सोडत नाहीत. निर्बंध म्हणजे काय, हे त्यांनी एकदा शेवंताला समजावलं. शेवंता आमच्याकडची सगळ्यात जुनी लाटणारी, खाडीकडच्या गावातली, तोंडाने फटकळ. "निर्बंध म्हणजे वाळीत टाकणं," जाऊबाई म्हणाल्या. "अमेरिकेनं इराणला वाळीत टाकलंय. त्याच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नाय, त्याचा माल घ्यायचा नाय. आणि जो जाईल तोपण वाळीत."

"मंग चोरून जात असतील," शेवंता लाटणं न थांबवता म्हणाली.

"जातात ना! भलत्याच्या नावानं जातात, भलत्याच वाटेनं जातात."

"व्हय, म्हंजे आमच्या गावासारखाच हाय."

माझा नवरा सकाळचा पेपर वाचून जे सांगतो त्यापेक्षा मला यातून जास्त कळलं, हे मान्य करायला हवं.

हे ज्ञान त्या बाजारातही वापरतात, तिथे मात्र त्याला नेहमीच यश येतं असं नाही. अमेरिकेनं आपल्या कोळंबीवर कर वाढवल्याचं ऐकलं त्या दिवशी त्या मला ओढत मासळी बाजारात घेऊन गेल्या. "तिकडे जाणारा माल आता इकडेच पडणार, आज कोळंबी मातीमोल," असं वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या. कोळणीसमोर उभं राहून त्यांनी तिला सगळी आंतरराष्ट्रीय परिस्थिती सांगितली आणि भाव निम्म्यावर आणायला सांगितलं. कोळीण शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाय, ही माझी कोलंबी धरमतरच्या खाडीतली हाय. ती अमेरिकेला कवा गेली व्हती?" आम्ही पूर्ण भावाने कोळंबी घेऊन आलो. वाटेत जाऊबाई म्हणाल्या, "बातमी पोचायला वेळ लागतो."

त्या नेहमी चुकतात असं कोणी समजू नये. युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा लोक रणगाडे बघत होते आणि जाऊबाई सूर्यफूल बघत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी सूर्यफूल तेलाचे इतके डबे आणून घरात रचले की भावजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, पेपर वाचायला डब्यावरच बसावं लागलं. पाहुण्यांनाही आम्ही डब्यावर बसवलं. पुढे तेल कडाडलं आणि सगळी आळी वाटी घेऊन आमच्या दारात आली. जाऊबाईंनी कोणाला रिकामं पाठवलं नाही, पण वाटीभर तेलाबरोबर काळ्या समुद्रावरचं व्याख्यान ऐकल्याशिवाय सोडलंही नाही.

पण इतकं जग हातात असूनही पापडाचं गिऱ्हाईक त्यांच्या हातातून निसटत चाललं होतं. हाताने लाटलेल्या पापडाला इथे पूर्वीसारखी मागणी उरली नव्हती. मशीनचा पापड स्वस्त, दुकानात चकचकीत पाकिटात. भावजींनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा मोठं काम आलं नाय तर पोळपाटं उचलून ठेवा." म्हणजे शेवंता आणि बाकीच्या बायकांचं उन्हाळ्याचं काम गेलं, आणि जाऊबाईंचं सगळंच.

अशा वेळी पेणचीच एक माहेरवाशीण, लंडनकडे जिचं दुकान आहे, तिचा फोन आला. तिकडे लोकांनी गहू सोडायला सुरुवात केली होती. कोणाला पचत नाही म्हणून, कोणाला शेजारणीने सोडला म्हणून. गहू नसलेलं खाणं तिकडे हातोहात खपत होतं आणि आमचा पापड तर तांदळाच्या पोह्यांचा! जाऊबाईंनी फोन ठेवला आणि पडवीत अक्षरशः फुगडीचा पवित्रा घेतला. "जगाची चव बदलली गो! आणि बदलून कुठे आली? पेणला!"

नमुना गेला. तिकडे तपासला. उत्तर आलं : गव्हाचा अंश आहे.

"गहू? माझ्या पापडात?" जाऊबाईंचा आवाज रामवाडीच्या स्टँडवर ऐकू गेला असेल. तपास सुरू झाला. पडवी धुतली, उखळ धुतलं, लाटणी उन्हात टाकली. बायकांच्या डब्यांत चपातीला बंदी झाली. भाकरी आणायची, नाहीतर भात. शेवंता म्हणाली, "आमच्याकडं चपाती सणाला व्हते, मला कशाला दरडावता?" चपाती खाणारे एकटे भावजी. त्यांना जेवायला पुढच्या ओटीवर बसवलं आणि हात धुतल्याशिवाय मागे यायचं नाही, असा हुकूम सुटला. दुसरा नमुना गेला. पुन्हा गव्हाचा अंश.

मला हा गोंधळ बघवेना. मी म्हटलं, पोहे आपले, मिरची आपली, मीठ आगरातलं. विकत काय येतं? पापडखार आणि हिंग. ते विकणाऱ्या दोघांनाही फोन करू. पापडखारवाल्याने हात वर केले. मुंबईचा हिंगवाला मात्र हसला. "वहिनी, हा बांधणी हिंग. म्हणजे पिठात मळलेला. नुसता हिंग कोणाला झेपेल?"

"कसलं पीठ?"

"गव्हाचं. दुसरं कसलं?"

जाऊबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "मग मला नुसता खडा पाठवा. मी मळीन तांदळाच्या पिठात."

"खडा इराणकडचा, ताई. पैसे पाठवायला बँक तयार नाही, माल वाटेतच अडकून पडलाय. अफगाणिस्तानचा थोडा येतो, तो आधीच दुसऱ्यांना बोललेला असतो. यंदा धरू नका."

जाऊबाईंनी फोन खाली ठेवला. इतकी वर्षं जे त्या इतरांना समजावत होत्या ते आता त्यांच्याच परातीत येऊन बसलं होतं. "म्हणजे गो," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्याबरोबर आपणपण वाळीत?"

एकच वाट होती, हिंगाशिवाय पापड. मी ते बोलून दाखवलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देवाशिवाय देवळाचं सुचवलं. पण वेळ नव्हता. पीठ मळलं, कुटलं, आणि रिवाजाप्रमाणे लाटायच्या आधी प्रत्येकीला तेलात बुडवून एकेक लाटी दिली. ही कच्च्या पिठाची गोळी म्हणजे आमच्याकडचा खरा निकाल. एरवी दुसऱ्या लाटीसाठी भांडणं होतात. त्या दिवशी परात तशीच राहिली.

"कसं हाय?" जाऊबाईंनी विचारलं.

शेवंता जरा वेळ चघळत राहिली. "वंगाळ नाय. पन तोंडात येतंय नि निगून जातंय. काय सांगत नाय."

"पाठवायचे?" मी विचारलं.

जाऊबाईंनी सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं. "पाठव," म्हणाल्या. "लाटा गो."

नमुना पास झाला. मग जी धावपळ उडाली ती काय सांगू! गच्चीवर साड्या, साड्यांवर पापड, शेजारच्या गच्च्याही आमच्या. खोकी निघाली तेव्हा आळी टाळ्या वाजवत होती. पुढे जाऊबाई फोनवर जहाज बघायला शिकल्या. "आता आफ्रिकेला वळसा घालतंय!" त्या ओरडायच्या आणि पिठाचे हात तसेच घेऊन आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा व्हायचो. निळ्या पाण्यात एक ठिपका, आणि त्यात आमचे पापड. मी सहसा हुरळत नाही, पण पाहायला मीही उठायचे.

माल पोचला, खपला, आणि लंडनवालीने पहिल्यापेक्षा मोठं काम दिलं. बायकांनी एकच कल्ला केला. शेवंताने भावजींनाच डब्यातला पेढा भरवला, आणि पोळपाटं उचलायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कल्ला ओसरल्यावर जाऊबाईंनी मला बाजूला बोलावलं. "हिंगाचं कोण काय म्हणालं?"

"काही नाही. सगळ्यांना आवडले."

"एवढे पापड गेले. त्यात आपल्याकडचीपण माणसं असतील ना तिथं? आपल्या आयांच्या हातचं खाल्लेली?"

"असतील की."

"आणि एकाचीही तक्रार नाय?"

"एकाचीही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. इतकी चांगली बातमी ऐकून माणसाचा चेहरा असा उतरतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "एक तरी यायला हवी होती गो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेचं पीठ चाळायला बसल्या.