बाबांचं नाक सरळ करून घेताना

आमच्या घरात मला दोन बायका 'अहो' म्हणत. एक माझी बायको; तिचा तो हक्कच. दुसरी माझी आई.

धारहून आई देवासला माझ्याकडे राहायला आली आणि तिची आठवण मागे मागे सरकत गेली. एका सकाळी मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला. कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर कोणीच नव्हतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं नाक माझ्या तोंडावर जसंच्या तसं होतं. मधोमध उंटाची पाठ, टोकाशी डावीकडे वळण. आईने त्यावरून माणूस ओळखला.

नाटकी स्वभाव असल्याने मी ती भूमिका आनंदाने घेतली. ताटाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायच्या, बाबांसारखं खाकरून पहिला घास घ्यायचा. मग आई जेवायची. नवऱ्याच्या आधी घास घेणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या जेवणानंतरच्या.

त्या रुबाबदार नाकातून श्वास मात्र जाईना. झोपेत तो मध्येच थांबायचा आणि बायको मला गदागदा हलवून परत आणायची. इंदूरच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं.

"अंदर का परदा भी टेढ़ा है, ऊपर की हड्डी भी," ते म्हणाले. "सिर्फ़ अंदर का करेंगे तो साँस आधी ही खुलेगी. हड्डी सीधी करेंगे तो ये उभार भी जाएगा."

"चेहरा बदल जाएगा?"

"अच्छा ही होगा, भाईसाब. लोग तो इसी के लिए आते हैं."

"मेरी माँ का खाना इस उभार पे टिका है," मी म्हणालो. ते लिहायचे थांबले.

धाकट्या भावाने धारहून फोनवर चिडवलं, "काय भिया, या वयात हिरो बनताय?" त्याचं नाक आईवर गेलेलं, म्हणजे या कामाला निरुपयोगी. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हीच नसाल तर त्यांच्यापुढे ताटावर बसणार कोण?" निकाल लागला.

शुद्धीवर आलो तेव्हा अख्ख्या माळव्याची सर्दी माझ्या डोक्यात मुक्कामाला होती. आत पट्ट्या, वर प्लास्टर, डोळ्यांखाली वांग्याचा रंग. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, उशा रचून झोपायचं. दुखण्यापेक्षा कोंडल्यासारखं जास्त वाटलं. पट्ट्या निघाल्या तेव्हा थंड हवा थेट आत गेली आणि मी बावचळलो. टोकाची सूज पुरती उतरायला वर्षही लागेल, डॉक्टरांनी बजावलं.

बाबांची नोकरी फिरतीची होती, म्हणून एवढे दिवस आईला 'ते दौऱ्यावर गेलेत' असं सांगून बायकोने दुधावर निभावलं होतं. प्लास्टर निघताच मी पुन्हा ताटावर बसलो. चित्राहुती घातल्या, खाकरलो. आईने पदर घेतला नाही.

"पाहुण्यांना भात वाढ गं," ती बायकोला म्हणाली. "मी हे आल्यावर बसेन."

तिचं ताट निवून गेलं. गोळ्या डबीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बायकोचं डोकं चाललं नाही, माझं चाललं. मी अंगणातून चपला वाजवत आत आलो आणि दारातच अदबीने उभा राहिलो. "वहिनी, साहेबांचा निरोप आहे. मनावर गावी मुक्काम पडलाय. तुम्ही जेवून घ्या म्हणाले."

आई जेवली.

तेव्हापासून मी माझ्याच घरात बाबांच्या कचेरीतला माणूस आहे. कधी साहेब डहीला अडकतात, कधी गंधवानीची बस बिघडते. धार जिल्ह्याच्या भूगोलाची माझी पुंजी आटत चालली आहे. आईही हल्ली म्हणते, "रोज निरोपच येतो." तिच्या आवाजातला संशय ऐकला की मी घाईने नवं गाव शोधतो.

परवा निरोप ऐकून ती ताटावर बसली, पण दोन घासांनंतर तिचा हात थांबला.

"तुम्ही रोज याच वेळेला येता," ती मला म्हणाली. "घरी आई आहे ना?"

"आहे."

"मग तीही जेवायची थांबली असेल. निघा तुम्ही."

मी चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बायकोने खिडकीतून हाताने खूण केली. गोळ्या घेतल्या.