खाऱ्या पाण्याचा झिरा

कुठंही गेले तरी भाऊ आधी चपला काढायचे, दोन्ही तळवे जमिनीला पक्के लावायचे आणि म्हणायचे, "टेकू द्या बा जरा." मग ती खुर्ची असो, पायरी असो, नाहीतर आमच्या घराचा उंबरठा. ते बसले की बघणाऱ्यालाही आपण दमलो आहोत असं वाटायला लागे. तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल. आमच्या कॉलनीत भाऊंना आळशी म्हणणारे पुष्कळ होते, आणि मशीन अडलं की तेच लोक त्यांचं दार वाजवायचे.

चंद्रपूरजवळच्या एका कागद कारखान्यात ते आणि आमचे हे एकाच खात्यात होते. ऐंशीनंतर कारखान्याने इटलीहून नवं यंत्र मागवलं आणि ते शिकून घ्यायला दोघांना वर्षभर तिकडे धाडलं, बायकापोरांसकट. भाऊ मूळचे वडशाकडच्या, वैनगंगेकाठच्या खेड्यातले.

इटलीत आमची बिऱ्हाडं एकाच जिन्यावर, समोरासमोर. परदेश म्हणजे मजा, असं लोकांना वाटतं. आम्ही काय पाहिलं? कपडे वाळत घालायची दोरी आणि दमून आलेले नवरे. भाऊंची मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. सुट्टीच्या दिवशी ती झोपलेल्या बापाच्या उशाशी बसून राही.

"बाबा, समुद्र कधी?"

"नेतो ना बेटा. टेकू दे जरा."

असं करता करता उन्हाळा सरत आला आणि आमची परतीची तिकिटं हातात पडली. आता नेलं नाही तर पोरीचा समुद्र राहणारच होता. मुंबईहून आम्ही निघालो होतो तेही अंधारात, त्यामुळे मोठ्यांनीही तो धड पाहिला नव्हता.

ऑगस्टात तिकडच्या लोकांचा मोठा सण असतो. त्याला जोडून शनिवार-रविवार आले आणि भाऊ चक्क स्वतःहून उठून तयार झाले. मी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधल्या. पाण्याची बाटली उचलली तर भाऊ म्हणाले, "वैनी, पाण्याकाठी जाऊन राह्यलो आपण. पाणी काऊन वाहाचं?"

मला पटलं. बाटली ओट्यावरच राहिली. तुम्ही आता हसाल, पण आमच्याकडे नदीवर जाताना घरून पाणी नेणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

गाडीत उभ्यानं गेलो, पुऱ्याही उभ्यानंच खाल्ल्या. उतरलो ते स्टेशन लहानसं, सणामुळे दुकानांची शटरं खाली. उन्हातून चालत किनाऱ्यावर पोचेपर्यंत पोरीचा घसा सुकला होता. समोर एवढा समुद्र, आणि ती त्याच्याकडे न बघता प्यायला पाणी मागत होती. भाऊंनी बूट काढले, रेतीत बसले, "टेकू द्या बा," म्हणाले आणि दोन्ही हातांनी झिरा उकरायला लागले.

झिरा म्हणजे नदीच्या रेतीत केलेला खड्डा. उन्हाळ्यात वैनगंगा आटली की बाया असे झिरे उकरतात. खालून पाणी पाझरतं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, दुसरं निवळू द्यायचं आणि प्यायचं. भाऊ त्यावरच वाढलेले. गंमत म्हणजे आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोहायला आलेली इटालियन माणसं गोळा झाली. आमचं काहीतरी सोन्याचं हरवलं असं त्यांना वाटलं असावं. एक जाडजूड गृहस्थ तर गुडघ्यांवर बसून भाऊंबरोबर उकरू लागला. भाऊ त्याला आपल्या बोलीत बजावत होते, "सावकाश बा, काठ ढासळते."

पाणी लागलं. भाऊंनी गढूळ उपसलं, निवळू दिलं. पोरीनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

"बाबा, खारट आहे."

"झिऱ्याचं पाणी खारं नसते बेटा," असं म्हणून भाऊ स्वतः प्यायले. त्यांचा त्या वेळचा चेहरा मला अजून दिसतो. शेवटी त्या जाड्या गृहस्थाच्या बायकोनं आपली बाटली पुढे केली, तर तिकडच्या रीतीप्रमाणे ते पाणीही सोड्यासारखं फसफसणारं. पोर रडत रडत प्यायली.

"घरी गेलो का तुले वैनगंगेचा झिरा दाखवीन," भाऊ तिला म्हणाले. "गोड पाणी राह्यते."

निघताना तो गृहस्थ पायानं खड्डा बुजवू लागला. भाऊंनी त्याचा हात धरला. "बुजवू नका बा, मागून येणाऱ्याले लागते." खाऱ्या पाण्याचा झिरा तसाच उघडा ठेवून आम्ही परतलो.

इकडे आल्यावर नवं यंत्र भाऊंच्याच गळ्यात पडलं. दर उन्हाळ्यात पोरगी विचारी, आणि दर उन्हाळ्यात ते म्हणत, "टेकू दे जरा." मला त्यांचा राग यायचा, कारखान्याचा त्याहून जास्त. मग एका मे महिन्यात ते पाळी संपवून आले, आमच्या उंबरठ्यावर बसले, चपला काढल्या आणि उठलेच नाहीत.

अस्थी घेऊन आम्ही त्यांच्या गावी नदीवर गेलो. पात्रात रेतीच रेती, पलीकडच्या अंगाला पाण्याची बारीक धार. विधी उरकून माणसं सावलीला गेली. पोरगी एव्हाना बरीच उंच झाली होती. ती रेतीत बसली आणि उकरू लागली. तिला कोणी हटकलं नाही. पहिलं पाणी तिनं उपसून टाकलं, दुसरं निवळायची वाट पाहिली, प्यायली, मग ओंजळीतून आईला नेऊन दिलं. मलाही दिलं. गोड होतं.

निघायची वेळ झाली. कोणाचा पाय अडकेल म्हणून नागपूरहून आलेला तिचा मामा रेती लोटायला लागला. कॉलनीत शाळेसारखं शुद्ध बोलणारी ती पोर त्याच्याकडे वळून म्हणाली, "बुजवू नका मामा, मागून येणाऱ्याले लागते."