पहिलं बाळंतपण आमच्यात

“पहिलं बाळंतपण आमच्यात. आत्ताच सांगून ठेवतो. मागनं तक्रार चालायची न्हाय.”

मंगळवार पेठेतल्या आमच्या इमारतीत, आमच्या खालच्याच मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू कुणाला मासा देताना हे म्हणायच्याच. आमच्याकडे बायकाही पुरुषांसारखं ‘येतो, जातो’ म्हणतात; त्यात काकू गडहिंग्लजच्या, त्यांचं साधं बोलणंही जिन्यातून गच्चीपर्यंत ऐकू यायचं. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून काचेचे टँक होते आणि त्यांत मोली आणि गप्पी मासे. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लं देतात, आणि जवळ कुणी नसलं तर आईच त्यातली निम्मी गिळून टाकते. एवढं माहीत असलं की काकूंचा आग्रह तुम्हालाही पटेल.

त्या मासे विकत नसत. मुलगी द्यावी तशी मासळी द्यायच्या. “टाकी केवढी हाय? नर किती हायत? काचेच्या वाटीत ठेवणार असला तर पोर देत न्हाय मी.” मासळी पोटुशी दिसली की सासरच्यांनी कळवायचं. मग काकू दुधाची किटली घेऊन तिला न्यायला जायच्या. तेही पोट फार फुगायच्या आत, कारण उशिरा हलवलं तर पिल्लं वाटेतच पडतात. “सातव्यात न्यायची असती. नवव्यात कोण नेतंय?” पिल्लं आईच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की पाठवणी. तेव्हा किटलीच्या कडीला खणाचा एक तुकडा बांधायच्या आणि सासरच्यांना सुनवायच्या, “पाणी गढूळ असतंय तुमच्यात. गटारात दिलंय काय मी पोरीला?” कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीचे मालक, एवढ्या मोठ्या मिशा, पण मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

मलाही त्यांनी एक काळी मोली दिली होती. ती पोटुशी राहिली तेव्हा मला सातवा लागला होता.

आता स्पष्टच सांगते, मला त्या मासळीचा हेवा वाटला. हसायचं तर हसा. माझं माहेर कुरुंदवाडचं. मी कॉलेजात असतानाच आई गेली. घरी वडील एकटे, त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही. मला न्यायला कोण येणार? इथे काही कमी नव्हतं, दवाखाना जवळ होता, नवरा समजूतदार होता. पण ‘बाळंतपण कुठं करणार?’ असं कुणी विचारलं की मी विषय बदलायची. आणि या बोटभर काळ्या प्राण्याला न्यायला माणूस आलं होतं, ठेवणीतली साडी नेसून.

“कुठाय माझी लेक?” म्हणत काकू आत आल्या.

“ती येणार नाही,” मी म्हणाले. “तिचं इथंच होऊ दे.”

“सासरी? पहिलं?”

“माझं होतंय की.”

काकूंनी किटली खाली ठेवली. टँककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “लेक येत न्हाय तर मी येतो.”

आणि त्या रोज यायला लागल्या. पिल्लांना लपायला म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचा गुंता आणून सोडला. पिल्लं आत ओढली जाऊ नयेत म्हणून फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून मगच टँकमध्ये ओतायचं, हे मला शिकवलं. मी खूश व्हायला हवं होतं. पण मी आपली त्या आधी कुणाकडे बघतात ते बघत बसायची. मोलीचं पोट कणभर वाढलेलं त्यांना दारातूनच दिसायचं. माझ्या पायांवरची सूज मात्र त्यांना पुढे केव्हातरी दिसली, तीही स्पंज खाली पडला आणि तो उचलायला त्या वाकल्या म्हणून.

“अगं, पाय बघ की हे! बोलायचं न्हाईस?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

“ती बोलती व्हय? तरी कळतंय की मला.”

“तिच्याकडं बघता ना तुम्ही.”

 काकूंनी स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवून माझे पाय वर घेतले आणि कोमट तेल घेऊन तळवे चोळत बसल्या. त्या दिवसापासून आधी मी आणि मग मोली. मी इतकी सुखावले होते की मोलीवरही माझा काही राग उरला नाही.

फार दिवस टिकलं नाही ते. काकूंची खरी लेक बेंगळुरूला असते, मोठ्या नोकरीत. तिलाही दिवस गेले होते आणि ‘इथं सगळी सोय आहे’ म्हणून तिने माहेरी यायला नकार दिला होता. काकूंनी आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दिवस भरत आले तशी लेकीला आई आठवली, आणि काकू दुसऱ्याच दिवशी निघाल्या. सगळ्या टँकचं मला तासभर समजावून सांगितलं. मग जिन्यात मागे वळून म्हणाल्या, “आणि तू बी जप.” तेवढंच. त्या न पाहिलेल्या मुलीवर मी अशी जळले की त्यांना नीट ‘या’ म्हणायचंही राहिलं.

त्याच आठवड्यात मोली व्याली. पिल्लू म्हणजे काय, दोन डोळे आणि एक शेपटी. मी आईला लगेच जाळीपलीकडे केलं. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून चिमूट चिमूट घातला, उरलेला नळीने ओढून काढला, रोज थोडं थोडं पाणी बदललं. एवढं पोट घेऊन टँकवर वाकते म्हणून नवरा ओरडायचा. पण माहेराशिवायही होतं, हे मला दाखवून द्यायचं होतं. एकही पिल्लू गेलं नाही.

नातू झाल्याचं सांगायला काकूंचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं रेंज नसेल.

“अंघोळीला नर्स ठेवलीया. मी जवळ गेलो की हात धुतलास काय इचारत्यात. तेल आणलं हुतं मी, ते चालत न्हाय म्हणं.” आणि लगेच, “पिल्लं किती जगली?”

“सगळी!” मी म्हणाले.

“सगळी?” काकूंचा आवाज आणखी बारीक झाला. “माझ्यात बी कवा सगळी जगली न्हाईत.”

तो सूर मी लगेच ओळखला. हेवा मला नाही कळणार तर कुणाला? इतक्या महिन्यांनी माझ्याकडे हेवा करण्यासारखं काहीतरी होतं, आणि मला ते अजिबात नकोसं झालं.

“म्हणजे कालपर्यंत सगळी होती,” मी म्हणाले. “आज सकाळपासून तीन-चार दिसत नाहीत.”

“मग! स्पंज सुटला असंल बघ. मी असतो तर एक जाऊ दिलं नसतं!” काकूंचा आवाज गच्चीपर्यंत जाईल असा झाला.

“म्हणून म्हणते, या. माझेही दिवस भरत आलेत.”

हे निम्मं त्यांची दया आली म्हणून बोलले. निम्मं मला त्या मुलीकडून काकूंना काढून घ्यायचं होतं.

 गिरणीवाल्याला त्याच्याच दारात झापणाऱ्या, न विचारता थेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या, “हिला इचारून सांगतो.”

त्या आल्या नाहीत. माझ्या मुलीचं बारसं झालं, खालच्या घरात दुसरी माणसं राहायला आली, काकूंचे टँक आमच्याकडे आले. बेंगळुरूची ती मुलगी मी अजून पाहिलेली नाही, पण तिचा हेवा माझ्या मनातून जात नाही. तिच्या घरात काकू आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नाही.