आपांचा सत्कार आणि अर्ध्यावरचं गाऱ्हाणं

माझ्या सासऱ्यांना मी एकाच सकाळी दोनदा काढून टाकलं आहे. एकदा भजनी मंडळातून आणि एकदा घरातून. दोन्ही वेळा माईकवरून, देवासमोर आणि गावाच्या संपूर्ण पाठिंब्याने.

तसं आमचं नातं चांगलं आहे. (हे मी म्हणते म्हणून नव्हे. त्या सकाळपर्यंत सगळं कोरगाव म्हणत होतं.) माझं माहेर डिचोलीचं. पेडण्याला एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि लग्न होऊन कोरगावला आल्यापासून सासऱ्यांना सगळ्यांसारखी 'आपा' म्हणते. आपा म्हणजेच आमच्या वाड्यावरचं भजनी मंडळ. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते तिथे आहेत. सतरंज्या अंथरायच्या, समई पुसायची, गळ्यात टाळ अडकवून गायचं आणि चवथीत घरोघरी भजनं करून बसलेला आवाज दसऱ्यापर्यंत कसाबसा परत आणायचा. पण त्यांचं खरं काम गाऱ्हाणं. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, एकाने उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं आणि तो जिथे थांबेल तिथे बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मंडळात सांगणारे आपा आणि 'व्हय' म्हणणारे बाकी सगळे, ही वाटणी कायमची.

मंडळाने आपांचा सत्कार ठरवला तेव्हा सगळे खूश झाले, आपा सोडून.

"सत्कार कोणाचो करतत? जो चल्लो ताचो," ते मला म्हणाले. "शाल दितले, नाल्ल दितले आनी म्हणतले, आपा, आता घरा बसा."

"आपा, असं कोणाच्या मनातसुद्धा नाही."

"मग तसां कोणेतरी सांगूक जाय."

"मीच सांगते. सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे. सगळ्यांसमोर, माईकवरून सांगते."

आपांचा चेहरा उजळला. घरी बसायच्या कल्पनेने त्या माणसाला जेवण जात नव्हतं, आणि ती भीती घालवायचं काम आता माझ्याकडे होतं. मी येता-जाता बसमध्ये वाक्यं घोळवू लागले. मला साधी वाक्यं जमत नाहीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी निवेदन करते तेव्हा लोक माझ्या वाक्याच्या शेवटाची वाट बघत चहा पिऊन येतात.

रविवारी सकाळी देवळाचा मंडप भरला. आपांना देवासमोर कदेलावर, म्हणजे मानाच्या खुर्चीवर, बसायचं नव्हतं. बळेबळे बसवलं तर ते अगदी काठावर टेकले. गळ्यात टाळ होताच. देवापुढे नारळ ठेवला गेला आणि सगळीकडे शांतता पसरली. सवयीप्रमाणे आपा उठून उभे राहिले.

मंडळाचे सेक्रेटरी सदाभाऊ धावले. "आपा, बसा. आज तुमचो सत्कार. सोताच्या सत्काराचां गाऱ्हाणां सोताच घालतलात?"

आपा बसले. सदाभाऊंनी मागे वळून पाहिलं. भजनी मंडळी आपापल्या पायांची बोटं निरखू लागली. आपा असताना दुसऱ्या कोणाला गाऱ्हाणं शिकायची गरजच पडली नव्हती. शेवटी सदाभाऊंची नजर माझ्यावर आली.

"बाई, माईक तुमच्या हातात आसा. घालात तुमीच."

"मी? बायकांनी घातलेलं चालतं?"

सगळ्यांनी आपांकडे पाहिलं. "घालू दी तिका," आपा म्हणाले. "देव काय फकत मिशयेवाल्यांचां आयकता?"

मी पदर खोचला आणि सुरुवात केली. "हे देवाधिदेवा, आमच्या आपांनी आयुष्यभर तुझी सेवा केली..."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला.

"ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही..."

"व्हय म्हाराजा."

काय सांगू, अंगावर काटाच आला. वर्गात कोणी माझं ऐकत नाही, घरी तर प्रश्नच नाही, आणि इथे मी श्वास घेतला की शेकडो माणसं मान्य करत होती! मला चढली. मी बसमध्ये घोळवलेल्या त्या मुख्य वाक्याला हात घातला. ते असं होतं: 'आपा थकले, आता त्यांनी टाळ खाली ठेवावा आणि घरी बसून आराम करावा, असं आम्हाला कधीच वाटणार नाही.' वाक्य शुद्ध आहे. फक्त मराठीत नकार शेवटी येतो, आणि माझा श्वास त्याच्या आधी संपला.

"आपा थकले, आता त्यांनी टाळ खाली ठेवावा आणि घरी बसून आराम करावा..."

"व्हय म्हाराजा!"

इतकंच झालं असतं तर निभावलं असतं. पण घंटेजवळ उभ्या असलेल्या पुरसोला हे गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य वाटलं आणि त्याने दणादण घंटा बडवली. ती ऐकून पखवाजवाल्यानेही थाप मारली. '...असं आम्हाला कधीच वाटणार नाही' हे मी त्या गजरात दोनदा ओरडले. सदाभाऊ नंतर म्हणाले की त्यांना माझं तोंड हललेलं दिसलं होतं.

घंटा झाली म्हणजे गाऱ्हाणं देवाकडे गेलं. आपांनी गळ्यातला टाळ हळूच काढला, देवापुढे ठेवला आणि कदेलावर येऊन बसले. या वेळी नीट टेकून. मला ते बघवेना.

"बाई, काय केलात ह्यां?" सदाभाऊ कुजबुजले.

"वाक्य अर्धं होतं हो!"

"देवाक अर्धां कित्याक सांगलात?"

"मग आता परत घेऊया."

"घातलेलां परत घेता येना. दुसरां घालून सोडवूक जाय."

"मग घालायला सांगा आपांना."

"आपा कसे घालतले? ते तर निवृत्त जाले."

माईक पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी मी शहाणी झाले होते. छोटी वाक्यं करायची आणि नकार आधी उरकायचा.

"देवा म्हाराजा, आपांनी घरी बसू नये."

"व्हय म्हाराजा." लोक मदतीला उत्सुक होते.

"हे मंडळ हेच त्यांचं खरं घर आहे."

"व्हय म्हाराजा."

"यापुढे त्यांनी इथेच राहावं."

"व्हय म्हाराजा!"

घंटा झाली. समोर माझा नवरा उल्हास डोक्याला हात लावून उभा राहिला. "अगो, आता आपांक घराभायर काडलंस मगे तू!"

बायकांच्या बाजूला बसलेल्या शेजारच्या मावशींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "बरां केलंस गो, उघड सांगलंस. आमी नुसतां मनात धरतांव." सासूबाईंना फक्त एकच काळजी पडली होती. त्या उभ्या राहून सदाभाऊंना विचारत होत्या, "हे हंय रवतले तर ह्यांचां जेवण कोण हाडतलो?"

मला रडू फुटलं. शाळेतल्या मुलांदेखत रडत नाही ती मी गावादेखत रडले. ज्या माणसाला आधार द्यायचा शब्द दिला होता, त्याला मी कुठलाच ठेवला नव्हता.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. आपा हसत होते, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते उठले, माईक हाताने बाजूला केला आणि देवासमोर उभे राहिले. निवृत्ती वगैरे कोणाला आठवलीच नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या सुनेन आज जां काय चुकान सांगलां, तां लेकराचां म्हणान पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिका खंय थांबचां तां कळूं दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." (हे सगळ्यात मोठ्याने उल्हास म्हणाला.)

"आनी तिका बरोबर गाऱ्हाणां घालूक येयसर, माका खंयच्यान सुटी दिव नको रे म्हाराजा!"

मंडप दणाणला. पुरसोने या वेळी घंटा वाजवायच्या आधी आपांकडे बघून खात्री करून घेतली. मी देवापुढचा टाळ उचलून आपांच्या गळ्यात घातला. शाल नंतर घातली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे उसळ आणि उंड्यांकडे, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावांकडे, वळले होते.

तेव्हापासून दर एकादशीला ओसरीवर माझा वर्ग भरतो. आपा शिकवतात, मी चुकते, आणि ते आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यांना पुन्हा जेवण जायला लागलंय.

मागच्या एकादशीला मात्र माझं एक गाऱ्हाणं चुकून शेवटपर्यंत बरोबर आलं. आपांनी शाबासकी दिली. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगो, इतक्या बेगीन शिकू नको. तू शिकलंस काय ह्यांका सुटी मेळतली मगे."

मी त्यांचा हात धरला. "आई, काळजी करू नका. मला अजून पुष्कळ वर्षं लागतील."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर नीट पाहिलं आणि एकदम निर्धास्त झाल्या. "तां खरां," त्या म्हणाल्या. "तुज्यार माजो पुराय भरवसो आसा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी माझ्यावर असा भरवसा पहिल्यांदाच दाखवला.