धर की तिला

माझा डावा खांदा तिसऱ्यांदा निखळला तेव्हा मी कबड्डी खेळत नव्हते, गच्चीवर चादर वाळत घालत होते. आधी दोनदा मैदानावर निखळला होता, पण ते मी घरी कळू दिलं नव्हतं. या वेळी शेजारीच सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी चादर टाकून मला सावरलं, रिक्षा बोलावली, आणि महिनाभरात माझं ऑपरेशन झालं.

सहा आठवडे हात झोळीत. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांचे सुटे भाग तपासते. ते काम एका हाताने होत नाही, म्हणून रजा. माझी वेणी सासूबाई घालायच्या, इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. पुढे व्यायामाला रबरी पट्टा मिळाला. तो दाराच्या कडीला बांधून ओढायचा. माझं झालं की सासूबाईही ओढायच्या. त्यांचाही खांदा दुखायचा, आणि पट्टा नुसता लोंबकळत ठेवणं त्यांना पटत नव्हतं.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी दोन्ही हातांची ताकद तपासून खेळायला परवानगी दिली. त्याच रविवारी सकाळी मी मोशीच्या मैदानावर कंपनीच्या संघाच्या सरावाला गेले. सासूबाई स्कूटरवर मागे बसून आल्या. सहज येते म्हणाल्या, पण माझ्यावर नजर ठेवायची होती.

पहिल्या चढाईत गुण मिळाला, दुसऱ्या चढाईतही. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मला कुणी धरतच नाहीये. कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीची पकड आमच्यात सगळ्यात पक्की. तिच्या वडिलांचं चिखलीत गॅरेज आहे, जोर तिथलाच असावा. मैदानावर माझा खांदा दुसऱ्यांदा निखळला तो तिच्याच पकडीत. आता ती माझ्या पायाला नुसता हात लावून सोडून देत होती.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ताई, तुमचं ते ओरडणं अजून कानात आहे."

मला रागावता येईना. मी तरी कुठे नीट खेळत होते? डावा हात सगळा वेळ पोटाशीच होता.

सासूबाई कडेच्या पायरीवरून उठून आत आल्या. "पोरी, ती काय पापड हाय का मोडायला? आठ महिने दार हालवलंय तिनं. धर की तिला."

पुढच्या चढाईत तिने माझा घोटा धरला, अगदी पूर्वीसारखा. मी पुढे कोसळले आणि काही सुचायच्या आत डावा हात रेषेकडे लांब गेला. वीतभर कमी पडला. मी बाद झाले होते. मी पडल्या पडल्या खांदा फिरवून बघितला. होता तिथेच होता. मला हसू फुटलं, मग तिलाही, आणि ती अंगावरून उठायचंच विसरली.

त्यानंतर दोन महिन्यांनी कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. सासूबाई तिथेही आल्या होत्या. परतताना वाटेत त्यांनी विचारलं, कुणाला शिवली न्हाईस तरी पंचानं तुला गुण कसा दिला? बोनस रेषेचा नियम मी त्यांना घर येईपर्यंत समजावला. हे बरोबर नाही, असं त्यांचं मत आहे.