डोहातला खडस

आमच्या गावच्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. भुसावळच्या खालच्या अंगाला तापी वळते, तिथे तो डोह. गावातल्या मेलेल्यांची राख तिथेच सोडायची, म्हणून त्यातले मासे म्हणजे आपलीच माणसं. खडस होते ते, अंगावर रुपयाएवढे खवले असलेले थोराड मासे. एरवी नदीत ते तेव्हाही क्वचितच दिसायचे.

आई गेल्यापासून दर अमावास्येला मी ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या घेऊन पायरीवर बसायचे. तांब्या दगडावर ठोकला की एक मोठा खडस वर यायचा आणि माझ्या हातातून गोळी घ्यायचा. मी त्याच्याशी आईशी बोलावं तसं बोलायचे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

धाकटा भाऊ भुसावळला रेल्वेत चिकटला होता. आईमागे त्याला मीच वाढवलेलं. एकदा तो आपल्या गोऱ्या साहेबाला घेऊन डोहावर आला.

"अक्का, साहेबले मासा फक्त देखना शे. तू बलाव ना."

"मंग ती काठी कसाले शे?"

"साहेबना हातमा काठी ऱ्हासच."

मी विश्वास ठेवला. पोटच्या पोरासारख्या भावावर नाही ठेवायचा, तर कुणावर?

मी तांब्या ठोकला. खडस आला. भावाने माझ्या ताटलीतली गोळी उचलून साहेबाला दिली. मला वाटलं, त्यालाही भरवायची हौस आली. गोळी पाण्यात पडली तेव्हा तिच्यामागचा दोरा दिसला, पण तोवर माशाने ती गिळली होती. ज्या पायरीवर भावाने डोकं भादरून आईची राख सोडली, तिथेच त्यांनी तो मासा ओढून आणला.

"अरे, माय शे ना ती!" मी किंचाळले.

"मासाच शे तो, अक्का," साहेबाकडे बघत तो हसला.

केसाने गळा कापला माझा. चोरून जाळं टाकलं असतं तरी मी सोसलं असतं. मेल्याने मलाच हाक मारायला लावली!

पुढच्या अमावास्येला तांब्या नुसता विसळताना दगडाला लागला, तर दुसरा खडस वर आला. मी पाण्यात खडे मारून त्याला हाकलला.

भाऊबीजेला भाऊ लुगडं घेऊन आला. बढती मिळाली होती. पाटावर बसला, ओवाळून झालं, आणि लहानपणीसारखं त्याने घासासाठी तोंड उघडलं. लाडू माझ्या हातात होता. तो मी ताटलीत परत ठेवला आणि आत निघून गेले.