न फाडलेला राजीनामा

"टेप आहे ना गळ्यात? मग घे माझं माप."

अण्णा असं म्हणाले तेव्हा समोर साठेक माणसं बसली होती. मी एकटीच उभी होते. गळ्यात खरंच टेप होती. दुकानातून घाईत उठून आले होते, काढायची राहिली.

अण्णा म्हणजे आमच्या पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष. मी महिला शाखेची प्रमुख. पोटापाण्याला शिवणकाम. मल्लेश्वरममध्ये अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टेलरिंगचं दुकान आहे. अण्णांचे जुब्बे तिथेच शिवले जायचे, पक्षाचे झेंडेही. पक्षाचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे, कॉफी पावडरच्या दुकानाच्या वर. खाली बिया भाजायला घेतल्या की वर भाषण करणाऱ्याला ठसका लागायचा. नव्वद साल उलटल्यानंतरची ही गोष्ट.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण अण्णांनी पाठ वळवली आणि हात थोडे फाकवले, दुकानात उभे राहायचे तसे.

"खांदा," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग."

मी टेप लावली. "अठरा."

"नागराज, लिही."

नागराज सेक्रेटरी. त्यानं सभेच्या वहीत लिहिलं. खरंच लिहिलं, मी पाहिलं. मग छाती. मग कंबर. पुरुषांची मापं मी कधी घेतली नव्हती. ती अप्पा घेत, मी बाजूला बसून आकडे उतरवत असे. त्या दिवशी मी साठ माणसांसमोर एका परपुरुषाच्या कंबरेभोवती दोन्ही हात नेले आणि टेपची टोकं पुढे जुळवली. त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास येत होता. "बेचाळीस," मी म्हणाले. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा.

"आता तुझा खांदा सांग. पाठ असेल तुला."

"तेरा."

"तेरा!" अण्णा सभेकडे वळले. "तेरा इंचाच्या खांद्यावर अठराचा जुब्बा घालायचाय हिला. काय गं तंगी, लोंबेल ना?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. ते मला नेहमी तशीच हाक मारत. सभा कन्नडमध्ये चालायची, पण हे ते आमच्या घरच्या मराठीत बोलले. त्यांचं घराणंही आमच्यासारखंच, कित्येक पिढ्या इथलं. म्हणून आधी मराठी समजणारे हसले. मग नागराजनं बाकीच्यांना कन्नडमध्ये समजावून सांगितलं आणि ते हसले. एकाच वाक्यासाठी मी दोनदा हसू ऐकलं.

माझा गुन्हा काय, तेही सांगते.

आमच्याकडे दर तीन वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक व्हायची. कागदावर. प्रत्यक्षात अण्णा उठत, खिशातून राजीनामा काढत आणि वाचत. प्रकृती आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे मी या पदातून मुक्त होऊ इच्छितो, नव्यांना संधी मिळावी. खाली सही. मग चष्मा काढून डोळे पुसत. सभा ओरडायची, "बेडा अण्णा, बेडा!" नको, नको. मग महिला शाखेच्या प्रमुखानं पुढे जायचं, ते पत्र हातात घ्यायचं आणि सगळ्यांसमोर फाडायचं. बाईमाणसानं फाडलं की अण्णांना नाही म्हणता येत नाही, असं सगळे म्हणायचे. पत्र फाटलं की हार. हार आदल्या दिवशीच सांगून ठेवलेला असायचा. सांगायला मीच जायची. मग केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, आणि कॉफी.

त्याआधी दोन सभांत मी ते पत्र फाडलं होतं. मनापासून, डोळ्यांत पाणी आणून फाडलं होतं.

त्या वर्षी सभेच्या आठवडाभर आधी अण्णा दुकानात आले. नवा जुब्बा घालून आरशात बघत म्हणाले, "पुरे झालं गं तंगी. गुडघे दुखतात. आता तुम्ही लोकांनी बघायचं." मला ते खरं वाटलं. मी अप्पांना सांगितलं, आम्ही दोघंही हळहळलो. सभेत त्यांनी पत्र वाचल्यावर मी पुढे गेले, पत्र घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही आराम करा. पंधरा वर्षं खूप केलंत. आता काम आम्ही वाटून घेऊ."

प्रेमानं म्हणाले होते मी. देवाशपथ. अण्णांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग टेपकडे.

माप घेऊन झाल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या पत्राकडे बोट दाखवलं. "आता तुझं काम कर."

मी फाडलं. एकदा उभं, एकदा आडवं, नेहमी फाडायची तसं. हे सांगताना मला सगळ्यात जड जातं. माप त्यांनी घ्यायला लावलं, पण पत्र माझ्या हातांनी फाटलं. हार आला. मी केसरीबात वाढला. एका बशीत काजू आला नव्हता म्हणून परत जाऊन घातला, हे आठवतं. राग आल्याचं आठवत नाही.

रडलीस का, असं नंतर बायकांनी विचारलं. नाही. कितीतरी दिवस मला काहीच वाटलं नाही. हात चालू होते. झेंडे शिवले, ब्लाऊज शिवले, एका लग्नातल्या सगळ्या बायकांच्या साड्यांचं फॉल-बिडिंग केलं. खांद्याचं माप घेताना मात्र आकडा तोंडानं उच्चारायचं मी बंद केलं. मनात धरायची आणि लिहायची.

अप्पांना चौथ्या दिवशी सांगितलं. त्यांना मोतीबिंदूनं वाचता येईनासं झालं होतं, दुकानाच्या मागच्या बाजूला रेडिओ लावून बसायचे. त्यांनी रेडिओ बंद केला.

"जुनी वही काढ," म्हणाले. "लाल पुठ्ठ्याची. पहिलं पान वाच."

पहिल्या पानावर अप्पांच्या अक्षरात अण्णांचं नाव होतं. खांदा सतरा. कंबर तीस.

"तो त्याचा पहिला जुब्बा. तेव्हाचा अध्यक्ष नऊ वर्षं खुर्ची सोडत नव्हता. हा सभेत उभा राहिला नि म्हणाला, एका माणसानं दोन वेळा, बस्स. तिसऱ्यांदा कुणीच नको. काय टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या."

"मग?"

"मग त्याच्या दोन वेळा झाल्या. त्यानं राजीनामा दिला. तो खरा होता गं, मला वाटतं पहिला तरी खरा होता." अप्पा थांबले. "मी पुढे होऊन फाडला. आमचा माणूस होता ना."

मी वही चाळत राहिले. दर तीन वर्षांनी एक माप, दर वेळी सभेच्या आठ-दहा दिवस आधीचं. कंबर वाढत गेलेली. पद सोडायला निघालेला माणूस दर वेळी आधी हारासाठी नवा जुब्बा शिवून घेत होता. शेवटचे दोन-तीन जुब्बे मीच शिवलेले. काजं मी केलेली. मला ते कधी दिसलं नव्हतं आणि दिसल्यावरही मी वही मिटून मशीनवर जाऊन बसले.

अण्णा वाईट असते तर सोपं होतं. ते तसे नव्हते. आमच्या गल्लीत नळ त्यांनी आणला. शाळेच्या छपरासाठी ते दिवस दिवस कॉर्पोरेशनच्या बाकावर बसले. त्यांचं श्रेय मी कमी करत नाही. पण पुढच्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दोन महिने ते घरी पडून होते, आणि दोन महिने ऑफिसला कुलूप राहिलं. किल्ली त्यांच्या उशाखाली. ती मागावी असं साठ माणसांत एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत ड्रेनेज फुटलं. घाण पाणी दारांवरून वाहू लागलं. अर्ज कुणाकडे द्यायचा, काय लिहायचं, कुणाला माहीत नव्हतं. नागराज नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अण्णांना स्वल्प बरं वाटू दे, मग बघू." शेवटी मी आणि सरोजाक्का कॉर्पोरेशनमध्ये गेलो. सरोजाक्का आमच्या महिला शाखेतली, घरी अप्पळ, म्हणजे पापड, आणि सांडगे करून विकणारी. तीन खिडक्यांनी आम्हाला परतवलं. चौथ्या खिडकीनं कागद घेतला. अर्ज अर्ध्या पानाचा होता. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिला होता. चार दिवसांनी माणसं आली, काम झालं.

अर्धं पान. एवढ्यासाठी आम्ही सगळे वर्षानुवर्षं एका माणसाच्या दारात उभे राहात होतो. त्या दिवशी मला राग आला. पहिल्यांदा. अण्णांचा आला, आणि त्याहून जास्त आमचा. एक माणूस फार दिवस बसला की तो चांगला असला तरी बाकीच्यांना काम येईनासं होतं. आणि मग तेच कारण पुढे करून त्याला बसवून ठेवतात, की दुसऱ्या कुणाला येत नाही.

परतताना बसमध्ये मी सरोजाक्काला सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं. एका माणसानं दोन वेळा, असा नियमच पाहिजे म्हणाले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक. "आणि तू गं? तू किती वर्षं आहेस?"

मी मोजलं. पुढच्या सभेला अकरा होणार होती.

"मला कुणी कधी सोड म्हणालं नाही, अक्का."

"त्यांना पण नाही."

मला टेप लागली नव्हती तेवढं हे लागलं. खिडकीबाहेर बघत बसले. उतरायचा स्टॉप मागे गेला.

त्या मापाला तीन वर्षं झाली. अण्णांकडून जुब्ब्याचं कापड आलं. मी शिवला. अगदी व्यवस्थित शिवला, शिवणीत खोट ठेवली नाही. सभेला निघताना टेप काढून खुंटीला लावली. हार सांगायला गेले नाही. दुसरं कुणी जाऊन आलं असावं.

अण्णांनी पत्र वाचलं. तीच प्रकृती, तीच नव्यांना संधी. चष्मा काढला. "बेडा अण्णा!" मी पुढे गेले, पत्र घेतलं. चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

"राजीनामा मंजूर," मी म्हणाले. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. नागराजला पुन्हा त्रास नको.

मग माझा कागद काढला. "हा माझा. अकरा वर्षं झाली. हा कुणी फाडायचा नाही." तो मी सरोजाक्काच्या हातात दिला. "आणि पक्षाच्या नियमांत एक ओळ घालायची मागणी वर पाठवा. कुठल्याही पदावर एका माणसानं दोन वेळा. तिसऱ्यांदा कुणीच नाही. अण्णा, हे तुमचंच वाक्य आहे. अप्पांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

अण्णांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. तिथे काही नव्हतं.

गोंधळ झाला. कुणी बस खाली म्हणालं, कुणी आणखी काही म्हणालं, ते लिहीत नाही. नागराजनं विचारलं, या बाईंच्या बाजूनं कोण? तीन हात वर आले. माझा, सरोजाक्काचा, आणि मागच्या रांगेतल्या एका रिटायर्ड पोस्टमनचा, ज्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते. नागराजनं वहीत लिहिलं, अध्यक्षांची फेरनिवड एकमतानं.

"तीन हात लिही," मी म्हणाले.

"त्याची गरज नाही."

"ह्याच वहीत अठरा इंच लिहिलेस ना? मग तीन लिही."

त्यानं वही मिटली. हार आला. अण्णांनी मान पुढे केली.

दोन दिवसांनी अण्णा दुकानात आले. एकटेच. दारात चप्पल काढली नाही.

"ते पत्र दे, तंगी."

"ते तुम्ही दिलंत. मी मंजूर केलं."

"अय्यो, खेळ पुरे. दे इकडे, फाडून टाकतो."

"तुम्ही फाडायचं नसतं, अण्णा. फाडायचं काम माझं होतं. मी ते सोडलंय."

ते काउंटरला धरून उभे राहिले. गुडघे खरंच दुखत असावेत. मला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. मग ते म्हणाले, "पक्षाचं चिंधीभर कापड या दुकानात येणार नाही यापुढे."

"सरी," मी म्हणाले.

ते गेल्यावर आतून अप्पांनी विचारलं, "पत्र आहे ना?"

"आहे."

अप्पांनी रेडिओ लावला.

कापड आलं नाही. झेंड्यांचं मशीन झाकून ठेवलंय. महिला शाखेची प्रमुख आता अण्णांची सून आहे. सरोजाक्काकडे दिलेला माझा राजीनामा मात्र कुणी फाडला नाही, फाडायची कुणाला गरजच वाटली नाही. अण्णा अजून अध्यक्ष आहेत. त्यांची सही असलेलं पत्र लाल पुठ्ठ्याच्या वहीत आहे, कंबर तीस लिहिलेल्या पानात.

पक्ष मी सोडलेला नाही. तो त्यांच्या एकट्याचा नाही. दर वर्षी ऑफिसचा जिना चढते, सदस्यत्वाची पावती मागते. नागराज मान वर न करता फाडून देतो. लाल वहीत अण्णांच्या मापाखाली मी माझंही माप लिहिलंय, खांदा तेरा. त्याच्यापुढे लिहिलंय, दोन वेळा. कधी मला कुणी कुठे बसवलंच तर दुसऱ्या खेपेनंतर ते पान सरोजाक्कानं माझ्यासमोर धरायचं, असं तिला सांगून ठेवलंय.

पुढची सभा येत्या वर्षी आहे. मी जाणार आहे. नवं पत्र निघायच्या आत जुनं वाचणार आहे, दोन्ही भाषांत. मग हात वर करायला सांगणार आहे आणि हात मी स्वतः मोजणार आहे. तीनच निघाले तर तीन. पण या वेळी ते सभेच्या वहीत लिहून झाल्याशिवाय मी जिना उतरणार नाही.